सालपटं, चोथा, भुसा : पाण्यातलं शिसं खरंच निघतं का?

या वेळी आलेल्या प्रश्नांमधे अर्ध्याहून जास्त एकाच विषयावरचे आहेत. संत्र्याची साल, उसाचा चोथा, भाताचं तूस, केळ्याची साल, चहाची उरलेली पावडर, या सगळ्यांनी पाण्यातले जड धातू शोषले जातात असं लोकांनी कुठेतरी वाचलंय किंवा मोबाईलवर बघितलंय आणि आता करून बघायचंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते आणि आज फक्त हाच विषय घेते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे सीझनमधे ज्यूसच्या गाड्यांमागे संत्र्याच्या सालींचे ढीग पडलेले असतात. एका व्हिडिओत दाखवलं की साल वाळवून पावडर केली आणि पाण्यात टाकली तर ९८ टक्के शिसं निघून जातं. मग घरच्या फिल्टरमधे हीच पावडर भरली तर काय वाईट? – एक वाचक, नागपूर

व्हिडिओ खोटा नाहीये, पण अर्धाच आहे. आधी खरं काय ते सांगते. संत्र्याच्या सालीत पेक्टिन भरपूर असतं आणि पेक्टिनच्या साखळीवर कार्बोक्सिल नावाचे गट असतात, पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो. शिसं, कॅडमियम, तांबं हे पाण्यात धन भाराचे आयन म्हणून फिरत असतात, ते येऊन या गटांना चिकटतात आणि तिथे आधीपासून बसलेले कॅल्शियम किंवा हायड्रोजन सुटून पाण्यात जातात. म्हणजे साधी अदलाबदल. गंमत अशी की कच्च्या सालीतले बरेचसे कार्बोक्सिल गट मिथाइलने झाकलेले असतात, त्यामुळे नुसती वाळवलेली साल फार काही करत नाही, तिला चुन्याच्या पाण्यातून किंवा कॉस्टिकमधून काढली की ते मिथाइल निघून गट मोकळे होतात. जपानमधे सागा विद्यापीठात संत्र्याच्या रसाच्या चोथ्यावर नेमकी ही चुन्याची प्रक्रिया करून बरंच चांगलं काम झालंय. तेव्हा विषयात दम आहे.

आता ९८ टक्क्यांचं बघू. असे प्रयोग बहुतेक वेळा लिटरमागे ५० किंवा १०० मिलिग्रॅम शिसं मुद्दाम विरघळवून केलेले असतात. ५० मधून ९८ टक्के गेलं तर किती उरलं? १ मिलिग्रॅम. आणि आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मधे, पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे ९८ टक्के काढूनही उरलेलं पाणी मर्यादेच्या १०० पट वर. टक्केवारी कितीही भारी असली तरी पिणाऱ्याच्या पोटात जातं ते उरलेलं, काढलेलं नाही.

बरं, कोणी म्हणेल आमच्या नळात कुठे ५० असतं, असलंच तर ०.०५ असेल, मग ते तर सहज निघेल. उलट आहे. पाण्यात धातू जितका कमी तितकी पावडर कमी उचलते. एक नमुन्याचा हिशोब करून दाखवते, आकडे मी मानलेले आहेत पण या प्रकारच्या पावडरींना शोभतील असेच आहेत. पाण्यात किती धातू शिल्लक असताना पावडर किती धरते हे काढायचं लँगम्युअरचं सूत्र आहे. समजा ग्रॅमभर पावडरची जास्तीत जास्त क्षमता ५० मिलिग्रॅम आणि या सूत्रातला दुसरा स्थिरांक ०.०५. पाण्यात शेवटी १०० मिलिग्रॅम शिसं शिल्लक असेल तर एक ग्रॅम पावडर साधारण ४२ मिलिग्रॅम धरते. पण पाणी ०.०१ पर्यंत खाली आणायचं असेल तर तीच पावडर फक्त ०.०२५ मिलिग्रॅम धरते, म्हणजे दीड हजार पटीहून कमी. २० लिटरच्या हंड्यातलं शिसं ०.०५ वरून ०.०१ वर आणायला ०.८ मिलिग्रॅम काढावं लागेल आणि त्याला ३२ ग्रॅम पावडर लागेल, दर हंड्याला, दर वेळी नवीन. आणि हे सुद्धा डिस्टिल्ड वॉटर असेल तर! नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम शिशाच्या हजार पट असू शकतात, त्यांनाही त्याच जागा हव्या असतात.

आणि हे सगळं जमलं तरी ओली साल ती ओली साल. दोन दिवसांत तिच्यातली साखर, रंग, तेलं पाण्यात उतरतात, बुळबुळीत होते, जंतू वाढतात. शिसं काढायला गेलो आणि जुलाब घेऊन आलो असं व्हायचं. घरच्या फिल्टरमधे नको, स्पष्ट सांगते.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे. उसाच्या बगॅसवर (चोथ्यावर) सायट्रिक अ‍ॅसिडची ट्रीटमेंट करून शिसं काढायचा प्रोजेक्ट घेतलाय. पहिल्या वेळी ९६ टक्के आलं, नंतर ७१, मग परत ९९. गाईड म्हणतात रिडिंग नीट घे. काय चुकत असेल? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, रिडिंगच्या आधी बऱ्याच गोष्टी चुकू शकतात, मशीनला एवढ्यात दोष देऊ नकोस.

पहिलं बगॅस. कारखान्यातून आणलेलं असेल तर त्यात साखर असते, माती असते, आणि पोत्यात आठवडाभर ठेवलं की बुरशी धरते. गरम पाण्याने धुवायचं, परत परत, धुतलेलं पाणी बिनरंगी येईपर्यंत. मग ६० अंशाला वाळवायचं, दळायचं, आणि चाळायचं. चाळणी दर वेळी तीच ठेव आणि दोन मेशच्या मधला माल घे, कारण बारीक पिठाचा आणि जाड भुशाचा रिझल्ट सारखा येणारच नाही, विशेषतः हलवायचा वेळ कमी असेल तर.

दुसरं ट्रीटमेंट. सायट्रिक अ‍ॅसिडमधे भिजवून कमी तापमानाला वाळवलं आणि मग १२० अंशांच्या आसपास दीड-दोन तास ठेवलं की सायट्रिकमधून पाणी निघून त्याचा अनहायड्राइड होतो आणि तो सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलला पकडतो. एका टोकाने सेल्युलोजला बांधला गेला की बाकीचे कार्बोक्सिल मोकळे राहतात, तेच आपल्याला हवेत. पण तापमान किंवा वेळ जास्त झाला तर तो दुसऱ्या टोकानेही चिकटतो आणि मोकळे गट कमी होतात. ओव्हनमधे वरच्या जाळीवरचा माल चॉकलेटी आणि खालचा पिवळट निघतोय का बघ, तसं असेल तर एकाच बॅचमधे दोन वेगळे माल झालेत. आणि नंतरची धुलाई अजिबात घाईत उरकायची नाही. न बांधलेलं सायट्रिक आत राहिलं तर ते पाण्यात येऊन शिशालाच धरून ठेवतं आणि पीएचही पाडतं. तुझा ७१ चा आकडा इथून आला असण्याची मला दाट शंका आहे.

तिसरं पीएच, सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. पीएच २-३ असेल तर पाण्यात हायड्रोजन आयन इतके असतात की एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते सगळे गट अडवून बसतात, शिशाला उभं राहायलाही जागा नाही. पीएच ५ च्या आसपास छान चालतं. पण ६ च्या वर सरकलास की शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपोआपच खाली बसायला लागतं, तू फिल्टर करतोस, मशीन म्हणतं शिसं नाही, आणि श्रेय बगॅसला! तुझे ९९ टक्के असे असू शकतात. म्हणून एक कंट्रोल बाटली ठेवायचीच, तेच शिशाचं द्रावण, तोच पीएच, तेवढाच वेळ हलवायचं, फक्त बगॅस घालायचं नाही. त्या बाटलीत पण शिसं कमी झालं तर समजायचं काय ते. पीएच हलवण्याआधी मोजतोस की नंतर? दोन्ही वेळा मोज आणि दोन्ही लिही. आणि पीएच स्थिर ठेवायला फॉस्फेट बफर वापरत असशील तर आजच थांबव, लेड फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, सगळं शिसं त्यातच जाईल.

आणखी एक, जे पुस्तकात सहसा नसतं. फिल्टर पेपर हा स्वतःच सेल्युलोज आहे. शिसं कमी असेल तर तो पण थोडं खातो. जमलं तर सेंट्रीफ्यूज कर, नाहीतर गाळलेलं सुरुवातीचं पाणी टाकून दे आणि पुढचं घे. काच आधी १० टक्के नायट्रिकमधे बुडवून ठेवलेली असावी, नाहीतर मागच्याचं शिसं तुझ्या बाटलीत.

आणि रिपोर्टमधे 'बगॅस हा फुकट मिळणारा टाकाऊ पदार्थ' असं लिहू नकोस, कोल्हापुरात बसून तर नकोच. कारखाने बगॅस बॉयलरला घालून वीज करतात, जास्तीची विकतात, कागदवाले मागतात, त्याला भाव आहे. परीक्षक कारखान्याच्या गावचा निघाला तर तिथेच पकडेल. शेवटी, सिंथेटिक द्रावणावर झालं की एकदा खऱ्या पाण्यावर करून बघ, त्यात थोडं शिसं घालून. आकडा पडेल. पडू दे, तोच तुझ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा आकडा असेल.

प्रश्न : आमचं निकेल-क्रोम प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) केमिकल खर्च आणि स्लजचा (त्यातून निघणाऱ्या गाळाचा) खर्च परवडत नाही. एक जण आलेला, म्हणाला भाताच्या तुसाचा कॉलम लावा, केमिकल बंद होईल, स्लज बंद होईल. लावावा का? – एक उद्योजक, भोसरी

साहेब, त्याला पहिल्यांदा विचारा की क्रोम कोणत्या रूपात आहे हे त्याला माहीत आहे का. तुमच्या क्रोम बाथमधलं, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं, क्रोमियम सहा संयुजेचं, ते क्रोमेट म्हणून ऋण भाराचं असतं. वर संत्र्याच्या सालीबद्दल जे सांगितलं ते धन आयनांचं. क्रोमेटला ऋण भाराचे गट ढकलूनच देतात. ते पकडायचं तर पाणी पीएच २ च्या आसपास न्यावं लागतं, तिथे वनस्पतीचा पदार्थ त्यातलं बरंचसं क्रोमियम सहावरून तीनवर आणतो आणि स्वतः थोडा थोडा झिजत जातो. तीन संयुजेचं क्रोमियम परत त्याच पाण्यात सुटतं, ते काढायला पुढे पीएच वाढवा. म्हणजे तुम्ही आत्ता मेटाबायसल्फाइट टाकून आणि मग लाईम टाकून जे करता तेच फिरून करायचं, फक्त जास्त वेळ लावून आणि कमी खात्रीने. डिस्चार्जला सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, एकूण क्रोमियमची २, निकेलची ३. तिथे 'बहुतेक निघून जातं' चालत नाही.

निकेलचं बघू. समजा रोज ५,००० लिटर रिन्सचं (जॉब धुतल्याचं) पाणी आणि त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम निकेल. रोजचे २५ ग्रॅम निकेल झाले. खऱ्या पाण्यात प्रक्रिया केलेल्या तुसाने ग्रॅममागे १० मिलिग्रॅम धरलं असं उदारपणे मानू, कच्चं तूस एवढंही धरणार नाही, त्यात राखेचाच भाग पाचवा हिस्सा आणि ती राख जवळजवळ सगळी सिलिका. तर रोज अडीच किलो तूस लागेल, महिन्याला साठ-पासष्ट किलो, आणि तूस हलकं असल्यामुळे पोत्यांचा ढीग. तेच २५ ग्रॅम निकेल हायड्रॉक्साइड करून खाली बसवलं तर कोरडं वजन ४० ग्रॅमच्या आसपास, फिल्टर प्रेसमधला केक ओला असतो, लाईमचा कचरा असतो, म्हणून ते काही पट धरा, तरी तूस कुठे आणि हे कुठे. स्लज बंद होत नाही, फक्त त्याचं नाव बदलतं आणि ते फुगतं. धातूने भरलेलं तूस म्हणजे घातक कचराच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतून त्याची सुटका नाही, ते रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणीच जायला हवं. तो माणूस म्हणेल बॉयलरमधे जाळा, वीटभट्टीला द्या. अजिबात नाही. निकेल जळत नसतं, राखेत गोळा होतं, आणि क्रोमियम तीन असलेलं अल्कलीबरोबर भट्टीत गेलं तर परत सहा होऊ शकतं.

आम्लाने धुऊन तूस परत वापरता येतं का? येतं, लॅबमधे मस्त येतं. पण ते धुतलेलं आम्ल म्हणजे परत निकेलचं पाणी, फक्त घट्ट. ते बाथमधे परत घेण्याइतकं स्वच्छ असेल तर फायदा, आणि वनस्पतीच्या पदार्थातून रंग-टॅनिन उतरत असल्यामुळे ते तसं क्वचितच असतं. याच कारणाने निकेल परत मिळवायला लोक आयन एक्सचेंज रेझिन घेतात. ८०-९० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत समुद्री शेवाळ, पीट मॉस वगैरेंचे दाणे करून विकायचे बरेच प्रयत्न झाले, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्कींनी तर या विषयाचा पायाच घातला. बाजारात मात्र रेझिनच टिकलं, कारण दर खेपेला माल सारखा येतो. शेतातला माल सारखा येत नाही, हे मिलवाल्याला सांगायला नको.

मग वनस्पतीच्या कचऱ्याला जागाच नाही का? आहे, तुमच्या ईटीपीच्या शेवटी. लाईमने बसवून गाळल्यावर जे थोडंसं उरतं, १-२ मिलिग्रॅम, तिथे ट्रीटमेंट केलेल्या माध्यमाचा छोटा कॉलम लावला तर उपयोग होऊ शकतो, तोही महिनाभर तुमच्याच पाण्यावर चालवून बघून, आधीचे-नंतरचे लॅब रिपोर्ट समोर ठेवून, आणि एमपीसीबीच्या (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमधे बदल लागतो का ते विचारून. इलेक्ट्रोलेस, म्हणजे विजेशिवाय चढवायचं, निकेल करत असाल तर मात्र थांबा, त्या बाथमधले सायट्रेट-अमोनिया निकेलला धरून ठेवतात, तिथे कॉलम फारसं काही पकडणार नाही.

आणि खर्च कमी करायचा असेल तर फुकटातला उपाय सांगते. जॉब बाथमधून वर काढल्यावर लगेच रिन्समधे घालू नका, बाथवरच थोडा वेळ निथळू द्या, आणि रिन्सच्या टाक्या एकामागून एक उलट्या प्रवाहाने जोडा. जेवढं निकेल रिन्समधे जाणारच नाही तेवढं काढावं लागणार नाही. हे सांगायला कोणी सेल्समन येत नाही कारण यात विकायला काही नाही.

प्रश्न : भाताच्या तुसाचा वॉटर फिल्टर आपल्याच टाटांनी काढला होता ना? मग त्याने शिसं जात होतं का? – वाचक, गोंदिया

टाटा स्वच्छ, डिसेंबर २००९ मधे आला. त्याच्या आधी पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्याच संशोधन केंद्रात तुसाची राख आणि सिमेंट वापरून 'सुजल' नावाचा फिल्टर केला होता, त्याचाच पुढचा वंशज म्हणा. पण त्यात तूस नव्हतं, तुसाची राख होती, आणि राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते. काम जंतू मारायचं. धातू काढायचा तो फिल्टरच नव्हता. तुमच्याकडे राईस मिलमागे राखेचे डोंगर असतात म्हणून प्रश्न आला असणार, पण ती राख थेट पाण्यात टाकून काही होत नाही.

प्रश्न : आमच्या लहानपणी विहिरीचं पाणी गढूळ झालं की हंड्यात निवळीची बी उगाळून घालायचो. शेवग्याच्या बियांनी पण होतं म्हणे. याने धातू जातात का? – एक आजी, देवरुख

आजी, निवळीने आणि शेवग्याने गढूळपणा जातो हे अगदी खरं. शेवग्याच्या बीमधलं प्रथिन धन भाराचं असतं, मातीचे कण ऋण भाराचे, दोघं एकत्र येऊन गोळे होतात आणि तळाशी बसतात. मातीला चिकटलेला काही धातू असेल तर तोही त्याबरोबर खाली जातो. पण पाण्यात विरघळलेलं शिसं दिसतही नाही आणि असं बसतही नाही, लॅबमधे थोडं निघाल्याचे प्रयोग आहेत पण त्यावर विसंबू नये. देवरुखच्या विहिरीत शिसं असायचं तसं काही कारणही नाही. तुम्ही बी घालत असाल तर पाणी वरून अलगद ओतून घ्या, उकळा, आणि त्याच दिवशी संपवा. बियांचा अंश राहिला की दुसऱ्या दिवशी वास येतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

प्रश्न : पवनेतली जलपर्णी धातू शोषून घेते असं वाचलं. दर वर्षी ट्रकच्या ट्रक काढतात. तिचं खत करून सोसायटीच्या बागेत वापरावं का? – वाचक, पिंपळे गुरव

शोषून घेते हे बरोबर, आणि मुळांमधे जास्त साठवते. म्हणूनच खताची भीती. जलपर्णी हे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, आणि खत होताना उरलेल्यातलाही बराच भाग कुजून वायू होऊन जातो, पण धातू कुठे जात नाहीत. म्हणजे जितकं खत चांगलं मुरेल तितकं किलोमागे धातूचं प्रमाण वाढतं. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० अशा मर्यादा आहेत. एक नमुना लॅबला द्या, या आत बसलं तर गुलमोहोर-बोगनवेलीला खुशाल घाला. टेस्ट न करता पालक-मेथीच्या वाफ्यात मात्र नको, पालेभाज्या कॅडमियम छान उचलतात. आणि मुळं बाजूला काढून फक्त पानं-देठं घेतली तर जोखीम बरीच कमी होते, फक्त ट्रकभर मालाची मुळं कापत बसणार कोण हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी काढलं की स्वच्छ असतं, तासाभराने लाल होतं. जवळ जुनी खाण आहे. केळीच्या सालींची पावडर टाकू का? – वाचक, डिचोली

नको, तुमचं काम त्याहून सोपं आहे. लाल होतंय म्हणजे लोह आहे, हवा लागली की ते गंजासारखं होऊन बसतंय. पाणी उंचावरून शॉवरसारखं टाकीत पाडा, काही तास तसंच ठेवा, मग वाळूच्या फिल्टरमधून गाळा. खाणीच्या भागात लोहाबरोबर मँगनीज असू शकतं, ते हवेने इतकं सहज जात नाही, त्यामुळे गाळलेल्या पाण्याची एकदा दोन्हींसाठी टेस्ट करा. साल टाकलीत तर तिच्यातली सेंद्रिय द्रव्यं लोहाला विरघळलेलंच ठेवतील आणि उलटंच व्हायचं.

प्रश्न : ताई, आम्ही मिशिगनमधे असतो, घर जुनं आहे. इथल्या फ्लिंट शहराच्या पाण्याचं प्रकरण झाल्यापासून शिशाची भीती बसलीय. सासूबाई आल्यात, त्या म्हणतात उकळलं की झालं. नारळाच्या करवंटीचा फिल्टर चालेल का? – एक वाचक, डेट्रॉइटजवळ

सासूबाईंना सांगा, जंतूंसाठी उकळणं एकदम बरोबर, पण शिसं वाफ होऊन उडत नाही, पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. फ्लिंटमधे २०१४ ला पाण्याचा स्रोत बदलला, नदीचं पाणी जास्त गंज आणणारं होतं आणि पाईपचं रक्षण करणारं फॉस्फेट त्यात घातलं नाही, त्यामुळे पाईपमधलं शिसं सुटायला लागलं. म्हणजे शिसं नदीतून नव्हे, घरापर्यंतच्या नळीतून आलं.

आणि करवंटीचा फिल्टर चालेल का म्हणाल तर हो, नीट निवडलात तर चालेल. आजच्या अख्ख्या विषयातलं खरंखुरं यशस्वी झालेलं उदाहरण हेच आहे. करवंटी आधी कमी हवेत जाळून कोळसा करतात, मग आठशे-नऊशे अंशाला वाफ सोडून त्याला असंख्य बारीक छिद्रं पाडतात. साल-चोथ्यासारखी ती कुजत नाही, रंग सोडत नाही, कडक राहते, कोकणातल्या करवंटीपासून केरळ-श्रीलंकेतल्या करवंटीपर्यंत सगळीच चालते. पण नुसत्या कोळशाला क्लोरीन आणि वास यांची आवड जास्त, शिशासाठी त्या ब्लॉकमधे वेगळं आयन धरणारं माध्यम मिसळलेलं असावं लागतं. म्हणून खोक्यावर 'कोकोनट कार्बन' वाचून घेऊ नका, एनएसएफ/एएनएसआय ५३ (हे तिकडचं फिल्टरचं मानक) असं आणि त्यात शिसं म्हणजे लेड हा शब्द स्पष्ट लिहिलाय का ते बघा, ४२ नंबर फक्त चव-वासाचा असतो. काडतूस सांगितलेल्या गॅलनला बदला, दिसायला ठीक आहे म्हणून सहा महिने जास्त ओढू नका. चहाला, भाताला नेहमी थंड नळाचं पाणी घ्या, गरम नळात शिसं जास्त सुटतं. आणि घरात येणारी लाइन शिशाची आहे का ते पालिकेला विचारा, शेवटी ती बदलणं हाच उपाय.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगला बोअर आहे, मागे एमआयडीसी. टीडीएस मीटरवर ४५० आलं. चहाची उरलेली पावडर धुऊन-वाळवून टाकून बघितली तर ४७० झालं. म्हणजे धातू वाढले का? – वाचक, कळंबोली

नाही हो, चहाच्या पावडरमधले क्षार उतरले. टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता बघून एकूण क्षारांचा अंदाज देतो, त्यात बहुतेक कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड असलं काहीतरी असतं. शिसं मर्यादेच्या दहापट असलं तरी ते होतं लिटरला ०.१ मिलिग्रॅम, तुमच्या मीटरचा शेवटचा आकडा सुद्धा हलणार नाही. उलट ५० टीडीएसच्या गोड पाण्यात शिसं असू शकतं आणि ९०० च्या मचूळ पाण्यात अजिबात नसू शकतं. त्यामुळे मीटर बघून धातूंबद्दल काहीच ठरवू नका, पावडर टाकण्याआधी पाण्यात काय आहे ते तरी कळू दे.

एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली लॅब शोधा, भूजल सर्वेक्षणच्या लॅबलाही विचारता येईल, पण सगळीकडे धातूंची टेस्ट होईलच असं नाही, आधी फोन करा. 'पाण्याची टेस्ट' एवढंच म्हणालात तर पीएच, हार्डनेस, क्लोराइड, जंतू एवढाच रिपोर्ट हातात देतील. नावं घेऊन सांगा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा. आणि त्यांच्या मशीनला किती कमी मोजता येतं ते विचारा. शिशासाठी त्यांची खालची मर्यादाच ०.०५ असेल तर 'आढळलं नाही' या शेऱ्याला काही अर्थ नाही, कारण आपल्याला ०.०१ बघायचंय. नमुना त्यांच्याच बाटलीत घ्या, ते आधी नायट्रिक अ‍ॅसिड घालून देतात, ते सांडू नका आणि बाटली विसळू नका. बोअरचा नमुना पंप थोडा वेळ चालवून मग घ्यायचा, घरातल्या पाईपचा संशय असेल तर तो वेगळा, सकाळचा पहिला नळ उघडल्या उघडल्या. दोन बाटल्या, दोन लेबलं. रिपोर्ट आला की मला पाठवा, फक्त आकड्यापुढे मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम ते बघून लिहा.